कोलाडची हजेरी

कोलाडला मी गेले ते खरे तर ड्रायव्हर म्हणून. सासूबाईंच्या कॉलेजातली जुनी मंडळी जमणार होती आणि नेमकी त्याच रविवारी ह्यांच्या ऑफिसात काहीतरी अडचण निघाली. "एस.टी.नं जाईन मी," सासूबाई म्हणाल्या. दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून रविवारच्या गर्दीत त्या एस.टी.त चढणार! मी म्हटले, "चला आई, मी सोडते." मनात माझा हिशेब असा, की त्यांना तिथे पोहोचवायचे, आपण नदीकाठी एखादी सावली बघून बसायचे, शाळेचे पेपर तपासायचे आणि उन्हे कलली की त्यांना घेऊन परतायचे. पेपरांचा गठ्ठा पिशवीत घेतला होता. तो तसाच्या तसा परत आला.

पेणहून कोलाड चाळीसएक किलोमीटर. जानेवारीतली सकाळ, शेतांवर धुके, आणि शेजारी सासूबाई नवी कोरी नारायणपेठ नेसून, मांडीवर डबा घेऊन बसलेल्या. डब्यात पेणच्या पोह्यांचा चिवडा. "कोलाडात काय पोहे मिळत नाहीत का?" असे मी म्हटले तर म्हणाल्या, "अगं, सासर कुठलं ते कळायला नको का त्यांना?"

वडखळला उजव्या हाताला अलिबागचा रस्ता फुटतो. तिथे गाडी हळू झाली तशा त्या म्हणाल्या, "इथं आमची एस.टी. वळायची." अलिबागचे जे. एस. एम. कॉलेज १९६१ साली सुरू झाले. त्याआधी इकडच्या मुलांनी शिकायचे म्हणजे मुंबई नाहीतर पुणे गाठायचे, आणि मुलींनी गप्प घरी बसायचे. कॉलेज जिल्ह्यात आले म्हणून नागोठणे, रोहा, मुरूड इथल्या चार मुलींना वडिलांनी धाडले. सासूबाई त्यातल्याच एक. १९७२ साली अकरावी मॅट्रिक झाल्या आणि १९७६ साली बी.ए. तेव्हा आपला जिल्हा रायगड नव्हता, कुलाबा होता. जिल्ह्याचे नाव बदलले १ जानेवारी १९८१ ला. "आमच्या सर्टिफिकिटांवर सगळीकडे कुलाबाच आहे," सासूबाई म्हणाल्या. मी म्हटले, "नाव बदललं म्हणून अलिबाग काही हललं नाही ना!" त्या नुसत्या हसल्या. तेव्हा त्या हसण्यात काही आहे असे मला वाटले नाही.

नागोठणे आले तशा त्या खिडकीशी सरसावून बसल्या. हे त्यांचे माहेर. आंबा नदीवरचा जुना दगडी पूल, शाळा, आता तिथे राहिलेल्या फक्त वहिनी. पुढे वाकण, मग सुकेळीची खिंड, मग खांब, आणि मान वर केली तर सुरगड. ह्या रस्त्याबद्दल मी काय लिहावे? पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाला २०११ साली हात लागला. त्या साली जन्मलेले मूल शाळेत वरच्या इयत्तेत गेले तरी काम चालूच होते. गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येक घराला तो इतिहास पाठ आहे.

आणि मग कोलाड. माझ्यासारख्या हायवेवरून जाणाऱ्याला कोलाड म्हणजे आंबेवाडी नाका, चार टपऱ्या, रिक्षा, आणि उजवीकडे रोह्याला जाणारा फाटा. रेल्वेने जाणाऱ्याला कोकण रेल्वेचे रोह्यानंतरचे पहिले स्टेशन. इथूनच मालाने भरलेले ट्रक अख्खेच्या अख्खे रेल्वेच्या वाघिणीवर चढवून गोव्याकडे नेण्याची सोय १९९९ साली सुरू झाली. आणि हल्लीच्या मुलांना विचाराल तर कोलाड म्हणजे राफ्टिंग. रबरी होड्या, डोक्याला शिरस्त्राण आणि आरडाओरडा! महाराष्ट्रातल्या बाकीच्या नद्या जानेवारीत दगडगोटे दाखवत पडलेल्या असताना कुंडलिकेला एवढे पाणी कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले, पण ते पुढे सांगते.

जमायचे ठिकाण नाक्यापासून थोडे आत, नदीच्या बाजूला, एका मैत्रिणीच्याच घरी होते. मंगलोरी कौलांचे घर, पुढे सारवलेले अंगण, कडेला वालाची शेती. दारात उभ्या असलेल्या बाईंनी सासूबाईंना पाहिले आणि एका नावाने हाक मारली. मी मागे वळून पाहिले. मला वाटले, आमच्या मागून आणखी कोणी आले. मागे कोणीच नव्हते. हाक माझ्या सासूबाईंनाच होती.

ते नाव मी इथे लिहीत नाही. "छापू नकोस," असे त्यांनी बजावले आहे. पण लग्न होऊन अकरा वर्षे ज्या बाईंच्या हाताखाली मी संसार शिकले, ज्यांच्या औषधाच्या वेळा मला पाठ आहेत, त्यांचे पहिले नाव मला माहीत नव्हते, हे मला त्या अंगणात उभे असताना कळले. रेशनकार्डावर, बँकेत, देवळाच्या वर्गणीच्या पावतीवर सगळीकडे सासरचे नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहायचे, ते सगळ्यांनी मोठ्याने वाचायचे, पेढे वाटायचे. पूर्वीच्या बायकांचे जुने नाव त्या तांदळाखाली जायचे ते जायचेच.

मंडळी अकरा आली होती. सात बायका, चार पुरुष. सगळी सत्तरीच्या आसपास. त्या वयात माणसे भेटली की बातम्यांचा एक क्रम असतो, तो मला त्या दिवशी कळला. पहिला तास गुडघ्यांचा. कोणी वाटी बदलली, कोणाचा मोतीबिंदू झाला, कोणाची साखर किती, कोण उपाशीपोटी मेथ्या घेते. ठाण्याहून आलेल्या बँकेतल्या मावशींनी पिशवीतून गोळ्यांचा डबा काढला, तर चार जणींनी आपापले डबे काढून शेजारी ठेवले. भातुकलीच मांडल्यासारखी दिसत होती!

दुसरा तास मुलाबाळांचा. डोंबिवलीच्या मावशींचा मुलगा अमेरिकेत आहे. नातू मोबाइलवर रोज दिसतो, "पण त्याच्या केसांना वास कसला येतो ते नाही गं कळत," असे त्या सहज बोलून गेल्या आणि सगळ्या गप्प झाल्या. एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेल्या काकांनी दोन्ही मुलींची लग्ने करून दिली, आता मोठी परत आली आहे. ते त्यांनी न लपवता सांगितले. मुरूडच्या मावशींनी नवरा गेल्यावर वाडी एकटीने सांभाळली. आता मुलगा म्हणतो विकू या. त्या म्हणतात, "मी आहे तोवर सुपारीला हात लावायचा नाही."

आणि तिसऱ्या तासाला, चिवडा संपून दुसरा चहा झाल्यावर, माणसे स्वतःबद्दल बोलू लागली. बँकेतल्या मावशी म्हणाल्या, त्यांना प्रमोशन आले होते, बदली होईल म्हणून नाकारले, आणि पुढे वीस वर्षे त्या कधी त्यावर बोलल्या नाहीत. आपल्या घरातली वडीलधारी माणसे असे बोलताना आपण कधी ऐकतो? आपल्यासमोर ती आजी-आजोबा असतात. मी पेपर बाहेर काढलेच नाहीत.

ही सगळी मंडळी जमवली ती एका निवृत्त हेडमास्तरांनी. तेही त्याच वर्गातले. त्यांच्याजवळ एक दोनशे पानी वही होती. डाव्या रकान्यात कॉलेजच्या हजेरीपटावरची नावे, उजव्या रकान्यात आत्ताची नावे व पत्ते. मी ती वही चाळली. पुरुषांच्या नावांसमोर उजव्या रकान्यात फक्त पत्ता आणि फोन. बायकांच्या नावांसमोर मात्र नवे नाव, नवे आडनाव, नवे गाव, आणि किती ठिकाणी खाडाखोड!

"मुलगे पंधरा दिवसांत सापडले," हेडमास्तरकाका म्हणाले. "एकाचा फोन मिळाला की तो दुसऱ्याचा देतो. मोबाइलवर नाव टाकलं की फोटोसकट पुढं. बायकांचा हा उजवा रकाना भरायला मला चार वर्षं लागली. ज्या नावानं मी शोधतोय त्या नावाची बाई जगात कुठं नाहीच! मग एकच रस्ता, माहेर. तिथं भाऊ असला आणि बहिणीशी बोलत असला तर पत्ता मिळायचा. जमिनीच्या वाटण्यांवरून भांडलेले असले तर तोही नाही."

किती खरे आहे पाहा! पुरुषाची बातमी त्याच्या नावाला चिकटून फिरत राहते. तो पास झाला, नोकरीला लागला, निवृत्त झाला, सगळे एकाच नावावर. बाईची बातमी मात्र लग्नाच्या दिवशी थांबते. पुढचे सगळे दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर जमा होते, आणि तिच्याबरोबर बाकावर बसलेल्यांना ते कधी कळत नाही.

ज्यांच्या अंगणात आम्ही बसलो होतो त्या कोलाडच्या मावशी सगळ्यांत शेवटी सापडल्या. त्यांचे माहेर रोहा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस बंदुका घेऊन मानवंदना देतात आणि पालखी गावभर दारोदार फिरते. सासरी गेलेल्या मुली त्या दिवशी हमखास माहेरी येतात. तिथे ओवाळणीचे ताट घेऊन उभ्या असलेल्या बाईला वर्गातल्या एका मैत्रिणीने हनुवटीवरच्या तिळावरून ओळखले! पण ओळख पटल्यावरही कोलाडच्या मावशींनी पहिल्या भेटीला यायला नकार दिला. "मी कुठं तुमच्या बॅचची? मी बी.ए. झालेच नाही," असे म्हणाल्या. दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि १९७४ च्या मे महिन्यात त्यांचे लग्न झाले. तेव्हा हेडमास्तरकाकांनी सांगितले, "मग आम्हीच तुझ्याकडं येतो."

दुपारी पोपटी लावायची होती. मैत्रिणींनो, पोपटी तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, कारण हा पदार्थ हॉटेलात खाऊन कळत नाही. अलिबाग, पेण, रोहा ह्या भागात वालाच्या शेंगा भरल्या की थंडीत घरोघरी पोपटी लागते. मातीचे मोठे मडके घ्यायचे. तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा. हे शेताच्या बांधावर आपोआप उगवणारे रोप, वास उग्र पण जिभेवर फार सुरेख. त्यावर धुतलेल्या वालाच्या शेंगा मीठ आणि ओवा चोळून, मधे मधे बटाटे, रताळी, आवडत असतील तर अंडी, नाहीतर मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी. वर पुन्हा शेंगा, आणि मडक्याचे तोंड पाल्याने घट्ट दाबून बंद. पाणी घालायचे नाही, तेल नाही. मडके जमिनीवर उपडे ठेवायचे, भोवती पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचे. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा. चर्र होऊन पाणी लगेच उडून गेले की पोपटी झाली. शेंगा पाल्याच्या आणि स्वतःच्या वाफेवर शिजतात.

त्या अर्ध्या तासातच ते घडले.

जाळ पेटवून सगळे भोवती बसले होते. कोलाडच्या मावशी आत गेल्या आणि एक निळे आंतर्देशीय पत्र घेऊन आल्या. कडा पिवळ्या पडलेल्या. ते त्यांनी सासूबाईंच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "हे तू परत पाठवलं होतंस."

पत्र १९७८ सालचे होते. पत्ता आमच्या पेणच्या घरचा. नाव सासूबाईंचे माहेरचे, आडनाव तेवढे सासरचे. आडनाव मैत्रिणीला कळले होते, पण नाव बदलले हे कळले नव्हते. पत्र फोडलेलेच नव्हते. पत्त्यावर काट मारून बाजूला शाईने लिहिले होते, "या नावाचे येथे कोणी राहत नाही."

सासूबाईंनी चष्मा लावला. त्या काही बोलायच्या आधी मीच ते अक्षर ओळखले. आमच्या घरी आजेसासऱ्यांच्या हातची जुनी जमाखर्चाची वही आहे. तेच टोकदार, उजवीकडे कललेले अक्षर.

"हे अक्षर माझं नाही," सासूबाई म्हणाल्या. "हे मामंजींचं."

कोणीच काही बोलेना. कोलाडच्या मावशी जाळाकडे बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला वाटलं, बी.ए. झालीस, पेणला मोठ्या घरी पडलीस, आता ओळख नको असेल."

मग सासूबाईंनी ते पत्र फोडले. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनी! पत्र लहानच होते. थोरली मुलगी आता चालायला लागली आहे, घरचे बाहेरून परीक्षेला बसू देतील असे वाटते, तर तुझ्या शेवटच्या दोन वर्षांच्या वह्या देशील का? मी उतरवून घेऊन परत पाठवीन. एवढेच.

मला आमच्या आजेसासऱ्यांना खलनायक करायचे नाही. माझ्या नवऱ्याला त्यांनी मांडीवर बसवून पाढे शिकवले. गावात त्यांना मान होता. सासूबाईच म्हणाल्या, "मामंजी वाईट नव्हते गं. त्यांच्या मनानं ती मुलगी ह्या घरात आलीच नव्हती. आली ती दुसरी, त्यांनी नाव ठेवलेली. मग त्यांनी तेच लिहिलं." आणि मग मैत्रिणीकडे वळून म्हणाल्या, "पण मी तरी तुला कुठं पत्र टाकलं? पहिलं वर्ष नवलाईचं, मग बाळंतपण, मग सासूबाईंचं आजारपण. कोलाडवरून महाडला किती वेळा गेले असेन मी. एस.टी. ह्याच नाक्यावर थांबायची. चाळीस किलोमीटर!"

"वह्या होत्या का तेव्हा?" मावशींनी विचारले.

"होत्या. परवापरवापर्यंत होत्या."

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची एक ट्रंक मी रिकामी केली. वाळवी लागेल म्हणून आतल्या जुन्या वह्या रद्दीत घातल्या. संध्याकाळी सासूबाईंनी विचारले होते, "ट्रंकेतल्या वह्या कुठं गेल्या गं?" मी म्हटले, "रद्दीवाल्याला दिल्या." "बरं," म्हणून त्या देवापुढे दिवा लावायला गेल्या. मला वाटले, विषय संपला. त्या दिवशी कोलाडला त्यांनी माझे नाव घेतले नाही. "वाळवी लागली," एवढेच म्हणाल्या. मी मान खाली घालून शेंगा सोलत बसले, त्या अजून शिजायच्या होत्या तरी.

पोपटी झाली. मडके फोडले, वाफ आली, आणि हात भाजत असतानाही सगळ्यांनी ओंजळी भरून शेंगा घेतल्या. जेवणे झाल्यावर हेडमास्तरकाका उभे राहिले आणि म्हणाले, "आता हजेरी." त्यांनी डाव्या रकान्यातली नावे वाचायला सुरुवात केली. जुनी नावे, वडिलांच्या नावासकट. एकेक जण "हजर" म्हणत होता. काही नावांना उत्तर आले नाही. तेव्हा ते क्षणभर थांबत, "गेला" किंवा "गेली" म्हणत आणि पुढे जात. सासूबाईंचे नाव आले. त्या गुडघ्यावर हात टेकून चक्क उभ्या राहिल्या. त्यांचा "हजर" मी घरी कधी ऐकलेल्या आवाजातला नव्हता. आणि त्यांच्या पाठोपाठ कोलाडच्या मावशींचे नाव आले. पदवी घेतलेल्यांच्या यादीत, मधेच, कंस नाही की खूण नाही. मावशी म्हणाल्या, "अरे, मी..." काकांनी वर न पाहता पुन्हा तेच नाव घेतले. "हजर," मावशी म्हणाल्या.

उन्हे कलल्यावर आम्ही नदीवर गेलो. कुंडलिकेच्या पाण्याचे कोडे मावशींनी तिथे उलगडून सांगितले. वर सह्याद्रीच्या माथ्यावर मुळा नदीवर टाटांचे मुळशीचे धरण आहे. शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात बुडणार म्हणून सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला तेच हे धरण. ते पाणी खरे तर पूर्वेला जायचे, भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. पण ते बोगद्यातून पश्चिमेकडे वळवून, घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडले, तिथे १९२७ पासून वीज तयार होते, आणि वापरून झालेले पाणी कुंडलिकेत येते. डोलवहालच्या बंधाऱ्यावर कालवे निघतात, म्हणून ह्या भागात उन्हाळीही भात होतो. उरलेले पाणी रोह्यावरून रेवदंड्याला समुद्राला मिळते.

"लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिली गोष्ट शिकवली ती ही," मावशी म्हणाल्या. "भिऱ्याला पाणी सुटलं की नदी बघता बघता चढते. धुणं धुताना बसलोय तो दगड ओला व्हायला लागला की बादली घेऊन उठायचं. मुंबईत दिवे लागायचे म्हणून आमची नदी वाहते."

मी पाण्याकडे पाहत होते. हे मुळेचे पाणी, पण इथे त्याला मुळा कोणी म्हणत नाही. ते कुंडलिकाच झाले आहे. शेते भिजवते, गावांना पुरते, कोणाची काही तक्रार नाही. सासूबाई आणि मावशी जरा पुढे एका दगडावर पाय सोडून बसल्या होत्या. अलिबागला ओहोटी असताना दोघी चालत कुलाबा किल्ल्यात गेल्या होत्या, गप्पांत भरतीची वेळ टळली आणि पुढची ओहोटी लागेपर्यंत आतल्या गणपतीच्या देवळापाशी बसून राहिल्या, ते सांगून सांगून हसत होत्या. सासूबाईंना असे हसताना पाहिलेले मला आठवत नाही.

परतीच्या वाटेवर अंधार पडला. सुकेळीची खिंड ओलांडल्यावर मी म्हटले, "आई, माझ्या लग्नात तांदळात माझंच नाव लिहायला तुम्ही लावलंत. सगळे म्हणत होते बदला." मला आठवत होते, त्या वेळी त्यांनी कारण दिले होते, "कागदपत्रांचा घोळ होतो हल्ली, राहू दे तिचं नाव." मला वाटले होते, काय व्यवहारी बाई आहेत! गाडीत त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नागोठण्याचे दिवे दिसू लागले तेव्हा म्हणाल्या, "घोळ होतोच गं."

आता तुमच्यापैकी कोणी जाणार असाल तर दोन गोष्टी. कोलाडला मुंबई-गोवा हायवेने थेट जाता येते. रेल्वेने जाणाऱ्यांनी रोह्याला उतरावे, तिथून कोलाड दहा-बारा किलोमीटर. वयस्क माणसे बरोबर असतील तर पोपटीचे दिवस, म्हणजे डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी, सगळ्यांत चांगले. हवा थंड, रस्ता कोरडा. मुलांना नदीत उतरवायचे तर स्थानिक माणसांना विचारल्याशिवाय उतरवू नये. पाणी कधी वाढेल ते आकाशाकडे बघून कळत नाही. आणि सासूबाईंच्या किंवा आईच्या मैत्रिणी शोधायच्या असतील तर माहेरच्या गावच्या पालखीला, जत्रेला जा. तिथे दोन्ही नावे माहीत असलेले कोणीतरी भेटतेच. वहीत दोन रकाने करा. आपल्या स्वतःच्या मैत्रिणींचेही. माझ्या मोबाइलवर आमच्या कॉलेजच्या बायकांचा गट आहे. तो मी कित्येक महिने उघडलाच नव्हता. कोलाडहून आल्यावर उघडला, तर एकीचे वडील गेल्याची बातमी तीन आठवड्यांची जुनी होती.

वह्या गेल्या त्या गेल्याच. मावशींना आता परीक्षा वगैरे नको आहे. नात म्हणते मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भर आजी, तर त्या म्हणतात, "डोळे नाहीत साथ देत." पण रोज दुपारी तीनला आमचा फोन वाजतो. सासूबाई वाचनालयातून आणलेले पुस्तक घेऊन खिडकीशी बसतात आणि मोठ्याने वाचतात. पलीकडून कोलाड ऐकत असते. तेवढा अर्धा तास घरात कोणी मिक्सर लावायचा नाही, असा नियम झाला आहे.

परवा दुपारी पोस्टमन आला. हातात एक पत्र. पाकिटावरचे नाव त्याने दोनदा वाचले आणि मला विचारले, "वहिनी, पत्ता तुमचाच आहे, पण या नावाचं इथं कोण आहे?"

मी म्हटले, "इथेच राहतात. द्या."